ढ बदलतो

शेजारच्या गृहस्थांनी ते भले मोठे पाकीट उघडले आणि आतली काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. चौथीतल्या मुलाच्या मेंदूचा एमआरआय. मुलगा धडा वाचताना अडखळतो. 'पर्वत'चे 'पवर्त' करतो, 'विमान' वहीत उतरवताना 'व'ची वेलांटी 'म'ला देऊन मोकळा होतो. शाळेने सांगितले डॉक्टरांना दाखवा, नातेवाइकांनी सांगितले एकदाचा मेंदूचा फोटोच काढून घ्या. काढला. अहवालाच्या तळाशी एकच ओळ होती: सगळे नॉर्मल. "आता बोला," गृहस्थ म्हणाले. "मेंदूत काही नाही. म्हणजे नाटकंच आहेत ना त्याची?" मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. हाच मुलगा संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसतो आणि पाचशेच्या नोटेचे सुटे तोंडी हिशेब करून बिनचूक परत देतो. पण त्या दुपारी मेंदू निर्दोष सुटला आणि मुलगा दोषी ठरला.

अशा मुलांसाठी मराठीने एक अक्षरच राखून ठेवले आहे: ढ. ज्याला ड आणि ढ यांतला फरक चटकन सापडत नाही, त्याला हाक मारायला आपण नेमके तेच अक्षर निवडावे, यातला क्रूरपणा आपल्या लक्षातही येत नाही. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना बाकीच्या अक्षरांनी रूप पालटले, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून कितीही शिकवा, जो बदलत नाही तो ढ, अशी व्युत्पत्ती हौसेने सांगितली जाते. सरकारी दफ्तरात आता 'अप्रगत' हा सभ्य शब्द आला. इंग्रजी माध्यमाच्या पालकसभेत 'एलडी', म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणतात. शब्द बदलले तरी समजूत तीच राहिली: हा काही बदलायचा नाही. गेल्या तीस वर्षांत मेंदूच्या चित्रणाने ही समजूत मुळापासून खोडून काढली आहे. पंचाईत एवढीच, की ते त्या पाकिटातल्या फिल्मवर दिसत नाही.

का दिसत नाही, ते नीट समजून घेतले पाहिजे. दवाखान्यातला एमआरआय मेंदूची घडण पाहतो. गाठ आहे का, रक्तस्राव झाला होता का, कुठे जुनी इजा आहे का, हे त्याचे प्रश्न. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन शिकण्यातल्या अशा अडचणीत, यातले काहीच नसते, त्यामुळे अहवाल स्वच्छ येतो आणि तो खराही असतो. संशोधक तेच यंत्र निराळ्या कामाला लावतात. अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये दाखवून दिले की रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउताराचा माग या चुंबकाने काढता येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताजे रक्त धावते. ते टिपले की मेंदू कामात असताना पाहता येतो. याला फंक्शनल एमआरआय म्हणतात.

प्रयोग असा चालतो. मुलाला बोगद्यासारख्या नळीत उताणे झोपवतात, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखे कडे, यंत्राची ठकठक कानठळ्या बसवणारी म्हणून कान झाकलेले. डोळ्यांपुढे दोन शब्द येतात. यमक जुळते का? जुळत असेल तर बटण दाबायचे. डोके हलवायचे नाही. मग नुसत्या रेघांच्या दोन ओळी येतात. सारख्या आहेत का? पुन्हा बटण. पहिल्या कामाच्या नोंदीतून दुसऱ्या कामाची नोंद वजा करायची. उरते ते वाचनाचे काम. असे वीस-पंचवीस मुलांचे करून सरासरी काढायची आणि सहज वाचणाऱ्या मुलांच्या सरासरीशी ताडून पाहायची. वर्तमानपत्रात छापून येतो तो लाल-पिवळा ठिपका म्हणजे या दोन सरासऱ्यांमधला फरक. त्यात रंग भरतो तो संशोधकाचा संगणक.

आता सरासरी असते समूहाची. कोकणात विदर्भापेक्षा पाऊस जास्त, हे खरे. पण येत्या मंगळवारी छत्री चिपळुणात लागेल की गोंदियात, ते त्यावरून सांगता येत नाही. प्रयोगातल्या दोन्ही गटांतली मुले एकमेकांत बरीच मिसळलेली असतात. म्हणूनच एका मुलाचा स्कॅन पाहून 'याला डिस्लेक्सिया आहे' किंवा 'नाही' असे प्रामाणिक तज्ज्ञ सांगत नाही. निदान होते ते मुलासमोर बसून, त्याला वाचायला आणि लिहायला लावून. कागद-पेन्सिलीचे काम आहे ते.

मग एवढ्या महागड्या यंत्रांनी मिळवले काय? त्यासाठी जरा मागे जावे लागेल. १८९६च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सीफर्ड गावातले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत छापली. चुणचुणीत, खेळांत तरबेज, तीन आकडी संख्यांचा गुणाकार झटकन करणारा. पण सात वर्षे शिकवूनही वाचन येईना. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. स्वतःचे नाव तो 'पर्सी'ऐवजी 'प्रेसी' असे लिहायचा आणि चूक दाखवल्याशिवाय त्याला ती दिसायची नाही. र जागचा हलला होता. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या चौथीतल्या मुलाचाही र-च जागा सोडतो आहे, हा योगायोग लिपी शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

मॉर्गननी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागच्या भागाकडे बोट दाखवले. त्याआधी पॅरिसमध्ये मेंदूचे डॉक्टर देजेरिन यांनी वाचन गमावलेल्या प्रौढांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून तोच भाग हेरला होता. पर्सीच्या बाबतीत तपासायची सोय नव्हती, कारण पर्सी जिवंत होता. ती सोय शंभर वर्षांनी झाली. १९९८मध्ये येल विद्यापीठाच्या सॅली आणि बेनेट शेविट्झ या डॉक्टर दांपत्याने दाखवले की डिस्लेक्सिया असलेली माणसे वाचू लागली की डाव्या बाजूचे मागचे भाग इतरांइतके कामाला लागत नाहीत. २००१मध्ये इटलीच्या एराल्डो पाउलेसू यांच्या गटाने इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना केली. लिहिले तसे वाचायच्या इटालियन भाषेत डिस्लेक्सियाची माणसे बाकीच्या दोघांपेक्षा बरी वाचत होती, पण मेंदूतली मंद जागा तिन्ही भाषांत तीच निघाली. चिनी लिपीचा हिशेब पुढे थोडा निराळा आढळला. मराठीही लिहिले तसे वाचायची भाषा. त्यामुळे आपल्याकडे असे मूल फार चुकत नाही, फार सावकाश वाचते. आणि सावकाश वाचणारे मूल सातवी-आठवीपर्यंत सहज नजरेतून निसटते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०११मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास. तोवर अनेक ठिकाणी रिवाज असा होता, की मुलाचा बुद्ध्यांक चांगला आणि वाचन वाईट असेल तरच डिस्लेक्सिया म्हणायचे. बुद्ध्यांकही बेताचा असेल तर तो मुलगा मुळातच मंद म्हणून सोडून द्यायचा. संशोधकांनी १३१ मुलांचे यमक ओळखतानाचे स्कॅन ताडून पाहिले. वाचनात मागे असलेल्या हुशार मुलांत आणि वाचनात मागे असलेल्या बेताच्या मुलांत मेंदूतला फरक सारखाच निघाला. म्हणजे वाचनाची अडचण ही वाचनाचीच अडचण आहे, अकलेची नाही. 'तारे जमीन पर' २००७मध्ये आल्यापासून आपण असे धरून चाललो आहोत, की प्रत्येक डिस्लेक्सियाच्या मुलात एखादा चित्रकार दडलेला असतो. नसतो. बहुतेक मुले इतर मुलांसारखीच साधी असतात, आणि त्यांनाही वाचायला शिकायचा तेवढाच हक्क आहे. मदत मिळण्यासाठी आधी प्रतिभा सिद्ध करायची अट कशाला?

चित्रांवर भाळू नका, हेही याच शास्त्राने सांगितले आहे. २००९मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातला एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितले. आकडेमोडीत घ्यायची ती खबरदारी घेतली नाही, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे इग नोबेल त्यांना २०१२मध्ये मिळाले. त्याआधी २००८मध्ये येलमध्येच असे दिसले, की कच्च्या स्पष्टीकरणात मेंदूविषयी एखादे असंबद्ध वाक्य घुसडले तरी सामान्य वाचकाला ते जास्त पटते. आपल्याकडचा बाजार याच मर्मावर उभा आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या मेंदूचा 'नकाशा' छापून देणारे आहेत, डोळ्यांवर पट्टी बांधून 'मिडब्रेन' जागा करणारे आहेत, आणि फाइलवर मेंदूचे रंगीत चित्र असले की पालक फी भरतात. लाल-पिवळ्या ठिपक्यापुढे आपली अक्कल गहाण पडते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा पेच तर शास्त्रज्ञांनाही चकवतो. १९९६मध्ये ग्विनेव्हिर ईडन यांच्या गटाला दिसले की डिस्लेक्सियात हलणाऱ्या वस्तू टिपणारा मेंदूचा भाग मंद असतो. डिस्लेक्सिया हा डोळ्यांनी पाहण्यातला दोष असावा, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. पुढे २०१३मध्ये ईडन यांच्याच प्रयोगशाळेने डिस्लेक्सियाच्या मुलांची तुलना त्यांच्याइतकेच वाचू शकणाऱ्या वयाने लहान मुलांशी केली. फरक गायब झाला. वर, वाचन शिकवल्यावर तो मंद भागही जागा झाला. मूल कमी वाचत होते म्हणून तो भाग मंद होता. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच काट मारायला धाडस लागते, ते त्यांनी दाखवले.

या पेचावर उजेड टाकणारा एक प्रयोग आपल्याच लिपीत झाला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रियाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि आधी-नंतर त्यांचे स्कॅन केले. २०१७मध्ये निष्कर्ष आले. तिशीतल्या त्या बायका पहिलीच्या पुस्तकाइतके वाचू लागल्या, आणि एवढ्यानेच मेंदूच्या पार तळातल्या, नजरेशी निगडित भागांचे वरच्या भागांशी दळणवळण वाढलेले दिसले. याच तळच्या भागांत बिघाड म्हणजे डिस्लेक्सियाचे कारण, असे काही अभ्यासक मानत आले होते. पण वाचायला शिकल्याने हे भाग बदलत असतील, तर कमी वाचणाऱ्या मुलात दिसणारा फरक हा कारण म्हणून कसा धरायचा? सगळेच फरक असे उलटत नाहीत. बॉस्टनमध्ये नडीन गाब यांच्या गटाने वाचन शिकण्यापूर्वीच्या वयातली मुले तपासली, तेव्हा घराण्यात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत मागच्या भागांची मंदी आधीपासूनच दिसली. म्हणजे काही मूल जन्मासोबत घेऊन येते आणि काही शाळा त्यात भर घालते. पहिले टाळता येत नाही. शिकवणे हा इलाज मात्र आहे.

तो इलाजही मोजला गेला आहे. २००२मध्ये ह्यूस्टनमध्ये डिस्लेक्सियाच्या आठ मुलांना ८० तास ध्वनी आणि अक्षर यांची सांगड बसवायला कसून शिकवले. नंतरच्या तपासणीत त्यांच्या मेंदूची डावी बाजू वाचताना सहज वाचकांसारखी कामाला लागलेली दिसली. २००९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टिमोथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी आठ ते दहा वर्षांच्या मुलांना सहा महिन्यांत १०० तास असेच शिकवले. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंची घडण सुधारलेली आढळली. ज्यांना शिकवले नाही त्यांच्यात ती सुधारली नाही. यातले प्रत्येक मूल फाडफाड वाचू लागले असे मुळीच नाही. काहींना वाचन आयुष्यभर जडच जाते. पण खडूने, फळ्याने आणि चिकाटीने मेंदूची वीण बदलते, हे आता नुसते सुभाषित राहिलेले नाही. आठ ते दहा वर्षे म्हणजे बरोबर आपला चौथीतला मुलगा.

आता आपल्या घरचे बघू. परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६मध्येच सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. हे सगळे चांगलेच झाले. पण दहावीला लेखनिक देणे म्हणजे पोहायला न शिकवता शेवटच्या दिवशी होडी देणे. प्रमाणपत्र मिळते, सवलत मिळते. वाचायला शिकवणारा माणूस मात्र मिळतोच असे नाही. शिवाय २०१८मध्ये केंद्राने आखलेल्या नियमांत प्रमाणपत्रासाठी आठ वर्षांची अट घातली गेली. प्रमाणपत्रापुरती ती समजण्यासारखी आहे. पण शाळांनी तिचा अर्थ 'आठपर्यंत थांबा' असा लावला, आणि शिकवायचे सर्वांत चांगले वय हातचे गेले.

थांबायचे कारण नाही. हरियाणात मानेसरला असलेल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने 'डाली' ही चाचणी तयार केली. ती २०१५पासून हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे, आणि त्यात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शिक्षकांनी वापरायची चाळणी आहे. याच केंद्राच्या अभ्यासात देवनागरी वाचताना डाव्या बाजूसोबत उजव्या बाजूचे भागही कामाला लागलेले दिसले. आपल्या मात्रा वर, खाली, मागे, पुढे बसतात, त्यामुळे असे होत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 'कि'मध्ये वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. 'पर्वत'मध्ये र उच्चारायचा व-च्या आधी आणि बसवायचा व-च्या डोक्यावर. तोच र 'चक्र'मध्ये पायात तिरका, 'राष्ट्र'मध्ये टोपी उलटी करून, 'सुऱ्या'मध्ये नुसता वाकडा केस होऊन येतो. आपण हे पाठ करून घेतो. समजावून क्वचितच देतो. 'पवर्त' म्हणणारा मुलगा आळशी नसतो. रफार कागदावर जिथे दिसतो, तिथेच तो वाचत असतो. त्याला शब्द आधी कानाने तोडायला शिकवायचा: पर्-वत. मग र कुठून आला आणि कुठे जाऊन बसला, ते बोटाने दाखवायचे. उद्या पुन्हा. परवा पुन्हा.

याला यंत्र लागत नाही. पाच-सहा वर्षांच्या नातवाला आजी विचारू शकते, 'कमळ'मधला क पळाला, उरले काय? भेंड्यांत शेवटचे अक्षर मुलाला महिनोन्महिने सापडत नसेल, तर ते निदान नव्हे, पण शाळेत बाईंच्या कानावर घालावे एवढी ती खूण नक्कीच आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. रोज अर्धा तास धरला, तर २०० दिवसांचे होतात १०० तास. कार्नेगी मेलनला जेवढे लागले तेवढेच, आणि एमआरआयचे बिल शून्य. अट एकच, की तो अर्धा तास त्या मुलाच्या शेजारी बसणारे माणूस हवे, आणि जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामाला त्या माणसाला कोणी उचलून नेता कामा नये.

त्या गृहस्थांना मी फिल्म पाकिटात घालायला सांगितले. अहवाल खरा आहे, म्हटले. मेंदू धडधाकट आहे, म्हणजे शिकवले तर शिकेल असा आहे. नाटकं करणारा मुलगा दुकानात बसून बिनचूक सुटे देत नाही. ढ हे अक्षर दोन हजार वर्षांत बदलले नसेल. वर्गातल्या ढ-ला आधी ते शंभर तास देऊन पाहा, मग बोला.